खांब एकाचा, दिवा दुसऱ्याचा, बिल तिसऱ्याचं

आमच्या गावात एसटी स्टँडमागून वरच्या आळीकडे जाणारा एक बोळ आहे. लांबीला दीडशे पावलं, फार तर. एका अंगाला पडक्या वाड्याची भिंत, दुसऱ्या अंगाला विकास सोसायटीचं गोदाम. दिवाळीनंतर सहा वाजताच तिथे काळोख व्हायचा. साडेसहाच्या गाडीतून उतरलेल्या कॉलेजच्या मुली एकमेकींसाठी स्टँडवर थांबायच्या आणि चौघी-पाचजणी जमल्या की मगच बोळात शिरायच्या.

या बोळाच्या सुरक्षिततेसाठी तोवर तीनदा सरकारी पैसा आला होता. पहिल्यांदा सोलर दिवा बसला. छान लागायचा, पण पाच-सहा महिन्यांत कुणीतरी पेटी फोडून बॅटरी नेली. चोऱ्या थांबवायला लावलेली वस्तूच चोरीला गेली, यावर पारावर बरेच दिवस हशा चालला होता. दुसऱ्यांदा कॅमेरे आले. त्यांचं काय झालं ते पुढे सांगतो. तिसऱ्यांदा पेव्हर ब्लॉक. त्यामुळे अंधारात ठेच लागायची थांबली, एवढाच फरक.

म्हणजे पैसा आला नाही असं कुणालाच म्हणता येणार नाही. मग मुली तरीही स्टँडवर का थांबायच्या? याचं उत्तर हवं असेल तर अनुदान नावाचं प्रकरण नीट उलगडून बघावं लागतं, आणि ते वाटतं तितकं किचकट नाही.

अनुदान म्हणजे अटींसकट आलेला पैसा. कर्जात पैसे परत द्यायचे असतात, अनुदानात हिशोब परत द्यायचा असतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर हा तिचा स्वतःचा पैसा. तो कसा खर्चायचा याला तिला बरीच मोकळीक असते. पण बहुतेक गावांत ही वसुली इतकी तोकडी असते की कर्मचाऱ्यांचे पगार आणि पाणी योजनेची मोटार यातच ती संपते. म्हणून गाव डोळे लावून बसतं ते वरून येणाऱ्या पैशाकडे.

तो येतो वेगवेगळ्या खिशांतून. गावांसाठी सगळ्यात मोठा खिसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत देशभरच्या स्थानिक संस्थांसाठी चार लाख कोटींहून जास्त रक्कम सुचवली. महाराष्ट्रात ग्रामीण भागाच्या पैशातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. त्यातही ६० टक्के पैसा 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. उरलेला ४० टक्के 'अबंधित'. नाव अबंधित असलं तरी त्याच्या पायातही एक दोरी आहेच: हा पैसा पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही. आणखी एक अट आहे, जी अनेकांना माहीत नसते. हा निधी रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच मिळतो. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसला की नळ बंद.

दुसरे खिसे आमदार-खासदारांचे. खासदाराला वर्षाला ५ कोटी, महाराष्ट्रात आमदारालाही आता ५ कोटी. 'खासदारांनी दिलेले पैसे' असं आपण म्हणतो, पण ते त्यांच्या हातात कधीच येत नाहीत. ते काम सुचवतात. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो. आणि सुचवायचं तेही टिकाऊ मालमत्तेचंच काम. रस्ता, सभामंडप, दिवे चालतात. कुणाचा पगार चालत नाही. तिसरा खिसा जिल्हा नियोजन समितीचा, जिच्या अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात. पोलिसांच्या गाड्या, चौकाचौकातले कॅमेरे असली कामं बऱ्याचदा इथून निघतात.

आता हे तिन्ही खिसे शेजारी ठेवून बघा. एक गोष्ट तिन्हींत सारखी आहे. पैसा वस्तू घ्यायला मिळतो. ती वस्तू चालवायला, पुसायला, दुरुस्त करायला, तिच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला द्यायला मिळत नाही, किंवा फार कष्टाने मिळतो. सरकारी भाषेत पहिला भांडवली खर्च आणि दुसरा आवर्ती खर्च. आपल्या भाषेत सांगायचं तर मामाने भाच्याला मोटारसायकल घेऊन दिली आणि पेट्रोलचं तुझं तू बघ म्हणाला.

सरकार असं का करतं, याला अगदीच कारण नाही असं नाही. अनुदान पाच वर्षांचं असतं; त्यावर माणूस नेमला तर सहाव्या वर्षी त्याला कुठे ठेवायचा? पगार एकदा सुरू झाला की थांबवणं अवघड, आणि पगाराच्या नावाखाली कुणाचा तरी भाचा चिकटवला जाण्याची भीती खरीच आहे. खांब मोजता येतो, त्याचा फोटो काढता येतो, त्यावर जीपीएसचा शिक्का मारून अपलोड करता येतो. आणि हेही खरं की दरमहा वेळेवर भरलेल्या वीजबिलाची कोनशिला बसत नाही.

हे दुखणं आपल्याकडेच आहे असंही समजू नका. अमेरिकेत १९७४ पासून शहरांना वस्ती विकासासाठी केंद्राकडून गठ्ठा अनुदान मिळतं. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या शहराच्या सभेच्या सूचनेत त्याचा उल्लेख वाचला असेल. त्या पैशातून गुन्हे प्रतिबंधाचे कार्यक्रम, पाळणाघर, ज्येष्ठांसाठी सेवा असं सगळं करता येतं, पण या 'लोकसेवां'वर साधारण १५ टक्क्यांचं झाकण आहे. बाकीचा पैसा मुख्यतः घरं, रस्ते, इमारती यांच्याकडे. तिथे एक अट मात्र मला फार आवडते: सेवा नवीन हवी किंवा आधीपेक्षा मोजता येईल इतकी वाढवलेली हवी. नगरपालिका आधीपासून जो खर्च करत होती तोच अनुदानावर ढकलून स्वतःचे पैसे वाचवायचे, हे चालत नाही. आपल्याकडे ही अट कडक लावली तर किती ठराव उभे राहतील, देव जाणे.

खेडेगावातला रस्त्यावरचा दिवा नीट बघितलात तर सगळी गोष्ट त्यात सापडते. खांब बहुतेक वेळा महावितरणचा. त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीने बसवलेला, कुठल्या तरी अनुदानातून. आणि बिल? २०२१ साली याच प्रश्नावर राज्यभर रण माजलं होतं. थकबाकीपोटी महावितरणने अनेक गावांच्या पथदिव्यांची जोडणी तोडली. आजवर ही बिलं जिल्हा परिषदेमार्फत शासन भरत आलं, असं सरपंच सांगत होते. शासनाने सांगितलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरा. सरपंच म्हणाले, तो विकासाचा पैसा आहे, बिलात घातला तर विकास कशाने करायचा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि तोवर गावं अंधारात होती. हजारो दिवे जागच्या जागी होते. एकही चोरीला गेला नव्हता, एकही फुटला नव्हता. फक्त लागत नव्हते.

दिव्यांचा गुन्ह्यांशी संबंध असतो का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्यावर चांगलं काम झालेलं आहे. न्यू यॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून तिथे जादा प्रखर दिवे लावले आणि बाकीच्यांशी तुलना केली. उघड्यावर रात्री होणारे गंभीर गुन्हे जवळजवळ ३६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. न्यू यॉर्कची वसाहत म्हणजे आमची वरची आळी नव्हे, हे कबूल. पण अंधाराला घाबरण्यात मुलींचा वेडेपणा नाही, इतकं तरी त्यातून निघतं.

आता कॅमेरे. गेल्या दहा-बारा वर्षांत सुरक्षा म्हटलं की सीसीटीव्ही हे समीकरण इतकं पक्कं झालंय की गणेश मंडळाच्या अहवालापासून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत सगळीकडे तेच. मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. चोरी झाल्यावर मोटारसायकलचा नंबर सापडला आणि दोन दिवसांत आरोपी हाती लागला, असं आमच्याच तालुक्यात घडलंय. पण कॅमेरा बघतो, धावून येत नाही. त्याचा धाक जास्त जाणवतो तो वाहनतळासारख्या आखीव जागी. मोकळ्या रस्त्यावर त्याचा परिणाम पातळ होतो.

आणि कॅमेरा हा शेतातल्या बुजगावण्यासारखा एकदा उभा करून विसरण्याचा प्रकार नाही. आमच्या बोळातल्या दोन आणि स्टँडवरच्या दोन अशा चार कॅमेऱ्यांची कथा सांगतो. चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, ग्रामपंचायतीत ठेवलेला. एकदा दाखला काढायला गेलो असताना सहज वर बघितलं. डबा कपाटावर, त्यावर जुन्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा, आणि त्याची वायर कपाटाच्या कडेने खाली लोंबतेय. भिंतीत प्लग एकच, आणि त्यात प्रिंटर. शिपाई म्हणाला, "दाखले छापायचे का क्यामेरे चालवायचे, तुम्हीच सांगा." मी दाखला घेतला आणि गप्प बसलो, कारण दाखला मलाही हवा होता.

पुढे एकदा गोदामाचं कुलूप तुटलं तेव्हा वायर जोडून चित्रण बघायचा प्रयत्न झाला. डबा सुरू झाला, पडद्यावर तारीख आली: १ जानेवारी २०००. आतली छोटी बटणासारखी बॅटरी कधीच मेली होती, घड्याळ शून्यावर गेलं होतं. आणि समजा चालू असता, तरी हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवं चित्रण चढत जातं. पंधरा दिवस ते महिनाभरात हवा तो भाग काढून ठेवला नाही तर गेला. तो काढणारा माणूस कोण, हे कुठल्याही ठरावात लिहिलेलं नव्हतं. न्यायालयात असलं चित्रण पुरावा म्हणून ठेवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं; यंत्र नीट चालत होतं असं कुणीतरी सही करून सांगावं लागतं. प्रिंटरच्या प्लगची कथा माहीत असलेला माणूस अशी सही कशी करणार?

शिवाय बोळात दिवाच नव्हता. साध्या कॅमेऱ्याला अंधारात थोड्या अंतरापुरतं करड्या रंगाचं दिसतं. चेहरा धुरकट, नंबरप्लेट पांढरी फक. आधी दिवा, मग कॅमेरा, हा क्रम कुणी पाळला असता तर पैसे निम्मे लागले असते. पण दिव्याचा प्रस्ताव एका वर्षात, कॅमेऱ्याचा दुसऱ्या वर्षात, आणि दोन्ही वेगवेगळ्या खिशांतून. खिशांची आपसात ओळख नसते.

मोठ्या शहरांत हेच मोठ्या आकड्यांत होतं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला एकाच छताखाली पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक भेटावेत म्हणून २०१५ पासून सुरू झालेली 'सखी' वन स्टॉप केंद्रं याच निधीतली. २०१८ मध्ये 'सेफ सिटी' प्रकल्पात आठ महानगरांसाठी सुमारे २,९०० कोटी मंजूर झाले, त्यात मुंबईच्या वाट्याला २५२ कोटी. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. तरीही निर्भया निधीतली मोठी रक्कम वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिली, हे सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरांतूनच पुढे येत गेलं. पैसा नाही म्हणून रडणारा देश आणि खर्च होत नाही म्हणून पडून असलेला पैसा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

खर्च झालेल्या पैशाचंही एक उदाहरण आहे. मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये या निधीतून २२० बोलेरो आणि इतर काही गाड्या घेतल्या, सगळ्या मिळून तीसेक कोटींच्या. वर्षअखेरीस वर्तमानपत्रांत बातमी आली की त्यातल्या ४७ बोलेरो आमदार-खासदारांच्या संरक्षण ताफ्यासाठी मागवून घेण्यात आल्या होत्या. त्यावरून राजकारण व्हायचं ते झालं. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. गाडी ही वस्तू आहे. तिला कुठेही नेता येतं. अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत रात्री नऊ ते एक गस्त, अशी सेवा विकत घेतली असती तर ती उचलून दुसरीकडे नेणं इतकं सोपं नव्हतं.

माणसांवर पैसे खर्च करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. गावात गुन्हे प्रतिबंधाच्या नावाने सरकारकडून मानधन घेणारा एक माणूस आहेच: पोलीस पाटील. १९६७ च्या कायद्याने हे पद आजच्या रूपात आलं. २०२४ मध्ये त्याचं मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. चार कॅमेरे, केबल, डबा आणि बसवणावळ यांचा खर्च एकीकडे आणि पोलीस पाटलाचं वर्षाचं मानधन दुसरीकडे ठेवून बघा, म्हणजे कुठल्या रुपयातून किती मिळतं याचा अंदाज येईल. कोण नवीन भाड्याने राहायला आलंय, कुणाच्या घरी रात्री ओरडा चालतो, कुठल्या पोराला अलीकडे नसती संगत लागलीय, हे हार्डडिस्कवर कधीच सापडणार नाही.

नाशिक, नगर, पुणे भागात बऱ्याच गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतलीय. तिची कल्पना साधी आहे. ठरलेल्या टोल-फ्री नंबरवर एकाने फोन करून बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर फोन म्हणून वाजतो. बिबट्या आला, दरोडेखोर दिसले, मूल हरवलं, कशालाही. इथेही वस्तू जवळपास नाहीच. माणसं जागी होतात हेच यंत्र. आणि चालू ठेवायला दरवर्षी थोडेसे पैसे भरावे लागतात, म्हणजे पुन्हा आवर्ती खर्च, म्हणजे पुन्हा 'पुढच्या मीटिंगला बघू'.

अनुदानाचा एक वेगळाच प्रयोग महाराष्ट्राने २००७ मध्ये केला. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री. आधी ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने स्वच्छता अभियान आणि त्यातून गावागावांत स्पर्धा सुरू केली होती. तोच सूर त्यांनी भांडणांना लावला: महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. गावाने ग्रामसभेत समिती निवडायची, बांधाचे, वाटणीचे, मारामारीचे तंटे नोंदवायचे, सामोपचाराने मिटवायचे, आणि मूल्यमापनात पास झालं की गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस. अगदी लहान गावालाही लाखभर रुपये. इथे पैसा आधी नाही, नंतर येतो. काम दाखवा आणि घ्या.

मी दोन वर्षं त्या समितीवर होतो, त्यामुळे थोडं आतलं सांगू शकतो. चांगलं काय झालं, तर बांधावरून वीस वर्षं एकमेकांकडे न बघणारे दोन चुलतभाऊ मारुतीच्या देवळात समोरासमोर बसले. मोजणीचे दगड दाखवायला तलाठी आला, पोलीस पाटील साक्षीला, आणि संध्याकाळी चहा झाला. कोर्टात हेच प्रकरण दोघांच्याही नातवांपर्यंत गेलं असतं. वाईट काय झालं, तर बक्षीस आलं की नोंदवही आली, आणि नोंदवही आली की आकडा फुगवायचा मोह आला. सकाळी नळावर झालेली बाचाबाची दुपारी 'तंटा' म्हणून नोंदवायची आणि संध्याकाळी 'मिटवला' म्हणून सही. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे काय मिटवायचं आणि काय मिटवायचं नाही. कायद्याने आपसात मिटवता येणारे गुन्हे ठरलेले आहेत. बलात्कार, बालकांवरचे अत्याचार, खुनाचा प्रयत्न हे पंचांनी बसून मिटवायचे विषयच नाहीत. पण गाव 'तंटामुक्त' दिसावं म्हणून एखाद्या बाईला तक्रार देऊ नकोस असं सांगितलं जाण्याचा धोका या योजनेच्या पोटातच होता. आमच्या समितीत एक शिक्षिका होत्या. त्या अशा वेळी सरळ उठून पोलीस ठाण्याला फोन लावायच्या. समितीचे गुण गेले तरी चालतील म्हणायच्या. प्रत्येक गावाला अशी बाई मिळालीच असेल असं नाही.

याउलट जवळजवळ बिनपैशाचं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव पोळून निघालं होतं. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्या-त्या मोहल्ल्यातली साधी माणसं घेतली, यंत्रमाग कामगार, दुकानदार, दोन्ही धर्मांची, आणि सोबत हद्दीतला पोलीस. नियमित बैठका, विषय बहुधा दंगलीचा नसायचाच, पाणी, गटार, भांडण असाच काहीतरी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी हे पोलीस अधिकारी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. या सगळ्यात सरकारचा लागला तो अधिकाऱ्यांचा वेळ. पण तो अधिकारी बदलून गेला की काय, हा प्रश्न तिथेही होताच.

बरं, एखाद्या वस्तीला खरंच पैसा मागायचा असेल तर तो कुठून कसा फिरतो? गावात सुरुवात ग्रामसभेपासून. २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. आराखड्यात नाही ते काम नंतर घुसडणं फार कठीण. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे, आणि बोळाचा विषय तिथेच निघायला हवा, कारण बोळातून संध्याकाळी कोण जातं ते सरपंचांपेक्षा तिथे बसलेल्यांना जास्त ठाऊक. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी असेल तो आकडा. तेवढीही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. 'महत्त्वाचे' ठराव का कोण जाणे त्याच दिवशी होतात.

ठराव झाला की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मग काम, मग शाखा अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे ज्याला एमबी म्हणतात त्यात, मोजमाप घ्यायचं, मग बिल. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र: पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला लागला, असं लिहून द्यायचं. ते वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. यात गंमत अशी की हे प्रमाणपत्र दिवा बसवला हे सांगतं, दिवा लागतो हे सांगत नाही. आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत. फेब्रुवारीत गावात अचानक खड्डे खणायला सुरुवात झाली की समजावं, मार्च एंड आला.

शहरात रस्ता थोडा वेगळा. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. पदपथ, दिवे, बाकं असल्या मागण्या त्यातून जातात. फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतात, तरी भरणारे फार थोडे.

मागणी लिहायची कशी, यावर मात्र माझं ठाम मत झालंय. 'आमच्या भागात चार सीसीटीव्ही बसवून मिळावेत' असा अर्ज करू नये. अडचण लिहावी: अमुक बोळ, इतकी लांबी, संध्याकाळी सहा ते नऊ, रोज साधारण इतक्या मुली आणि बायका, दिवा नाही. त्याखाली उपाय. आणि त्याखाली तीन ओळी ज्या कुणीच लिहीत नाही. बिल कोण भरणार? बिघडल्यावर किती दिवसांत, कोण दुरुस्त करणार? हमीचा काळ संपल्यावर देखभालीचा पैसा ग्रामपंचायतीच्या कुठल्या शीर्षातून? निविदेतच तीन किंवा पाच वर्षांची देखभाल घालून घेतली तर आवर्ती खर्चाचा बराच भाग भांडवली कामाच्या पोटात बसवता येतो. ही पळवाट नाही, साधी व्यवहाराची गोष्ट आहे, आणि चांगले अभियंते ती आपणहून सुचवतात. शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चावे लागतात. ते बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या खुर्च्यांत किंवा एखाद्या प्रशिक्षणात जातात; बोळातल्या दिव्याची देखभाल त्यात बसेल का, हे महिला सभेत विचारायला काय हरकत आहे?

झालेल्या कामाचं काय झालं हे विचारायलाही फार काही लागत नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि खर्च घरबसल्या दिसतो. तिथे समाधान झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा, तीस दिवसांत उत्तर. फक्त 'किती दिवे बसवले' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी बरोबर येतं. 'मागच्या सहा महिन्यांत किती दिव्यांच्या तक्रारी आल्या आणि प्रत्येक किती दिवसांत सुटली' असं विचारा.

आमच्या बोळात मागच्या पावसाळ्यानंतर दिवा लागला. साधाच, खांबावरचा एलईडी. सोलर नको असं या वेळी सभेतच ठरलं. बिघडला तर सांगायचा नंबर सोसायटीच्या गोदामावर ऑइलपेंटने लिहिलाय, त्यातला शेवटचा आकडा जरा पुसट झालाय. मुली अजूनही दोघी-तिघी मिळूनच जातात, पण स्टँडवर थांबत नाहीत. कॅमेऱ्यांचा डबाही सुरू झाला. त्यासाठी कुठलीही योजना लागली नाही. ग्रामपंचायतीने एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला. खर्चाच्या वहीत तो 'सादिलवार', म्हणजे किरकोळ खर्च, या शीर्षाखाली पडलाय, दोनशे चाळीस रुपये.